नाकासमोरचा आवाज

आपला मुलगा योहान हल्ली बोलणाऱ्याकडे उजवा कान करून उभा राहतो, ही गोष्ट सुसानाच्या मनातून काही केल्या जाईना. भाकऱ्या थापताना जाईना, शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेताना जाईना. रविवारी प्रार्थनेला बसली की डोळे मिटलेले असायचे आणि मिटल्या डोळ्यांपुढे तो उभा असायचा, मान जराशी वळवलेली, हसरा चेहरा, आणि त्या हसण्यामागे काहीतरी चाचपडत असल्यासारखं.

आधी तिला वाटलं, सवय लागली असेल. माणसाला कसल्याही सवयी लागतात. मग एकदा जेवताना ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. म्हणाली, "मिरची देऊ का?" तो वरण कालवत राहिला. तिने पुन्हा विचारलं. समोर बसलेल्या दानियलने, तिच्या नवऱ्याने, मिरचीचं ताट त्याच्याकडे सरकवलं तेव्हा योहान एकदम म्हणाला, "हो हो, भात वाढ."

दानियल हसला. सुसानाला हसू आलं नाही.

दुसऱ्या कुणाचा मुलगा असता, शेतावर जाणारा, कोंबड्यांच्या शेडवर काम करणारा, तर कान जरा कमी झाला म्हणून आईने एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण योहानची अख्खी भाकरीच कानावर होती. नवापूरहून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की टेकडीच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथे घराच्या पडवीत तो स्पीकर दुरुस्त करायचा. घरातले स्पीकर, लोकांनी हौसेने घेतलेले, दिवाणखान्यात दोन बाजूंना दोन ठेवायचे ते. नवापूरचे, शहाद्याचे, उच्छल-सोनगडकडचे गुजराती, सगळे त्याच्याकडे यायचे. पडवीत नेहमी पाच-सहा डबे उघड्या पोटाने पडलेले असायचे.

हे वेड त्याला लहानपणीच लागलं. चर्चमधला उभा स्पीकर एकदा नाताळच्या आदल्या दिवशी घोगरा झाला, तर सातवीतल्या योहानने तो घरी आणून खोलला आणि आतली उंदराची पिल्लं ओंजळीत धरून आईला दाखवायला आला. "आई, पाळक प्रवचन द्यायचे तेव्हा हे ऐकत असतील ना?" उंदरांनी कागदी कोनाची, म्हणजे आतल्या शंकूसारख्या पडद्याची, कड कुरतडून घरटं केलं होतं. त्याने कापडाचा तुकडा खळीने चिकटवला. नाताळला आवाज आला, जरा नाकातून आल्यासारखा, पण आला. त्यानंतर शाळेतल्या मास्तरीणबाईचा हा मुलगा पुस्तकात कधी रमला नाही. आयटीआय केलं, सुरतेला स्पीकर बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं काढली आणि एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन परत आला. सुसानाला त्याने मास्तर व्हावं असं वाटत होतं. पण त्याला काम करताना पाहिलं की ती भांडण विसरायची.

काम बघण्यासारखंच होतं. स्पीकरच्या कोनाभोवती स्पंजची एक कड असते, तिच्यावर तो कोन आत-बाहेर हलतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही कड काही वर्षांनी सडते, बोट लावलं की खारी बिस्किटासारखा भुगा होतो. योहान ती सगळी खरवडून काढायचा, जुना गोंद हलक्या हाताने पुसायचा, नवी कड बसवायचा. पण नवी कड चिकटवताना कोन केसभरही सरकून चालत नाही. कारण त्याच्या मागे तारेचं एक बारीक वेटोळं लोहचुंबकाच्या फटीत लोंबत असतं. त्याला योहान कॉईल म्हणायचा. ते फटीत घासलं की आवाज फाटतो. म्हणून गोंद वाळेपर्यंत फटीत तो एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या उभ्या खोचून ठेवायचा. गावात कुणाचा हातपाय मोडला की तो एक्स-रे शेवटी योहानकडेच यायचा. दानियल म्हणायचा, "माझं मोडलेलं मनगट आता सोनगडच्या शेठच्या दिवाणखान्यात गाणी म्हणतं."

सगळं झालं की परीक्षा. तीन बोटं कोनावर टेकवून तो हलकेच दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. घासल्याची कुजबुज आली तर पुन्हा उघडायचा. मग दोन्ही स्पीकर जोडून लावायचा, बरोबर मध्ये उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. "आवाज नाकासमोर आला पाहिजे," तो म्हणायचा. "गाणारा डाव्या डब्यात नाही, उजव्यात नाही. दोन्हींच्या मध्ये, हवेत उभा पाहिजे. तो तिथे दिसला की समजायचं जमलं."

तो नाकासमोर का येत नाही, हेही त्याने तिला सांगितलं होतं. दोन्ही कोन एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे हलायला हवेत. एकाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. आवाज येतो, मोठाही येतो, पण फुटलेला, पोकळ. मध्ये उभा असलेला माणूस नाहीसा होतो. बाकीचे कारागीर हे तपासायला पेन्सिल सेल वापरतात. तारांना सेल टेकवला की कोन उडी मारतो, पुढे मारली की तार सुलट. योहानला सेलचा राग होता. "गूळ गोड आहे का ते वजनकाट्यावर बघतात का? कान कशाला दिलेत देवाने?"

आणि त्याच्या हातून एक स्पीकर उलटा गेला.

तो हिलाल आप्पांचा. शहाद्याकडचे केळीचे शेतकरी, पैसा बाळगून असलेले, पण बोलायला एकदम मोकळे. माघात ते पिकअपमध्ये दोन मोठे डबे गोधडीत गुंडाळून घेऊन आले होते. उतरल्याबरोबर म्हणाले, "ताई, संभाळीसन. लगीनमा मन्ही सासूनी बी इतकी काळजी नही लिधी."

योहान डब्याची जाळी काढून बघत होता. "आप्पा, कडा गेल्या दोन्हींच्या. आणि ह्या एकाची कॉईलच जळालीय. एवढ्या मोठ्यांदा काय लावत होता?"

"मी नही रे भो, नातू. मन्ही घरवाली भिकुबाईले डोयाघाई दखात नही आते. दिनभर जुन्या भजनना कॅसेट आयकस. मी हाका मारस ते तिले आयकू येत नही, ह्या डब्बासना बरोबर येस."

कडा बदलल्या, जळालेली कॉईल बदलली, तारा जोडल्या. सुसानाला तो दिवस नीट आठवत होता, कारण त्या दिवशी योहानने तिला हाक मारून बोलावलं. "आई, जरा ऐक. कसं वाटतंय?" असं त्याने कधी विचारलं नव्हतं. तिला कौतुक वाटलं. ती दारात, एका बाजूला उभी होती, हाताला पीठ लागलेलं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती. "छान आहे की," ती म्हणाली आणि आत गेली. तो मात्र त्यानंतर बराच वेळ दोन्ही डब्यांच्या मध्ये उभा होता, डोळे मिटून, मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

आठवड्याभराने आप्पांचा फोन सुसानाला आला. योहान हल्ली फोन घेतच नसे. मेसेज टाका म्हणायचा.

"ताई, रागे भरू नका. डब्बा वाजतस मस्त. पन भिकुबाई खात-पेत नही. म्हणस, गानारी बाई पहिले दोन्ही डब्बासना मधमा बसेल ऱ्हाये, मन्हा समोर. आते ती घरमाच नही. आवाज येस, पन बाई कुठे शे? मी म्हणतु, येडी, कॅसेटमा बाई कथाईन येई? पन तिना कान तिखा शेतस."

सुसानाच्या हातातला खडू तसाच राहिला. वर्गात पोरं गलका करत होती. तिला सगळं एका क्षणात कळलं, आणि कळू नये असं वाटलं.

"ताई," आप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "एक इचारू? पोऱ्याले आयकाले कमी येस का? मी मांगून हाक मारी, तो वळना नही."

"नाही हो आप्पा," ती म्हणाली. "सर्दी झालीय त्याला. कान बसलेत."

खोटं इतक्या सहज आलं, की फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

संध्याकाळी तिने योहानला आप्पांचा निरोप सांगितला, सर्दीचं सोडून. तो उसळला. घरात ते आपल्या मावची बोलीत बोलत, पण रागावला की योहान शाळेतल्या मराठीवर यायचा. "त्यांनीच घरी वायर उलट लावली असणार! माझ्याकडून गेलेला माल तसा असूच शकत नाही!" पण सकाळी शाळेसाठी ती निघाली तेव्हा मोटरसायकल जागेवर नव्हती. तो शहाद्याला गेला होता. रात्री आला, जेवला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावरचं फडकं उचलताना तिला खाली एक पेन्सिल सेल सापडला. दोन्ही टोकांना वायरचे तुकडे डकवलेले, टेप गुंडाळलेला. तिने फडकं होतं तसं पुन्हा झाकलं आणि त्या टेबलाशी बराच वेळ उभी राहिली. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

दानियलला तिने सांगून पाहिलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मोठा झालाय तो. बोलेल तेव्हा बोलेल." दानियलचा सगळ्या गोष्टींवर हाच इलाज होता, आणि बहुतेक वेळा तो लागूही पडायचा. पण इकडे होळी झाली होती. लग्नं सुरू होणार होती.

लग्नांच्या दिवसांत योहान डब्यांची कामं बाजूला ठेवून जगदीशबरोबर जायचा. जगदीश त्याचा नवापूरच्या शाळेतला मित्र. त्याने ट्रकवर डीजे चढवला होता, घराएवढे स्पीकर एकावर एक. लग्नातून लग्नात हा ट्रक फिरायचा. योहान त्यावर मशीनपाशी बसायचा, कुठला स्पीकर तापला, कुठला फाटतोय हे बघत. बसायची जागा अशी, की डाव्या खांद्यामागेच डब्यांची भिंत. चौथा उन्हाळा होता हा. पहिल्या वर्षी तो घरी आला की दोन दिवस मोठ्यांदा बोलायचा आणि सगळे हसायचे. डीजेवाले सगळेच ओरडून बोलतात, त्यात नवल काय.

जगदीश शनिवारी दुपारी आला. अंगणातूनच त्याचा आवाज घुमला, कोंबड्या पळाल्या.

"काकू! चहा टाका! योहान्या कुठाय? उद्या सकाळी निघायचं! धानोऱ्याचं लग्न आहे!"

"जगदीश, मी इथेच उभी आहे," सुसाना म्हणाली.

"काय?"

"इथेच उभी आहे म्हटलं!"

"हां हां, बसा ना तुम्ही, उभ्या कशाला!" तो खाटेवर बसला. योहान पडवीतून आला, त्याच्या समोर बसला आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागला. दोघं बोलत होते, ओरडत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नवीन डबे आलेत, जगदीश सांगत होता, काचा फुटतील असे. योहान मान हलवत होता. जगदीशने चहाचा कप ठेवता ठेवता खाली बघून विचारलं, "मग सहाला येऊ का?" योहान म्हणाला, "चार डबे पुरतील." जगदीशला ते ऐकूच गेलं नसावं. तो म्हणाला, "झकास!" आणि उठला.

जगदीश गेल्यावर सुसाना पडवीत गेली. योहान एका स्पीकरच्या फटीत एक्स-रेची पट्टी खोचत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"नको जाऊस उद्या."

"का?"

"का ते तुला माहीत आहे."

त्याने पट्टी सरळ केली. "मला काही झालेलं नाही."

"फडक्याखाली सेल आहे, योहान."

त्याने पट्टी खाली ठेवली. मग मावचीत, हळू आवाजात बोलायला लागला. इतका हळू, की तिलाच वाकावं लागलं.

"मागच्या वर्षी, शेवटच्या लग्नातून आलो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. वाटलं, जाईल झोपेतून उठल्यावर. ती गेलीच नाही. मग शिट्टीच्या मागचं सगळं कमी कमी होत गेलं. डावीकडे आता तीच आहे, दुसरं काही नाही. मला सगळंच उजवीकडून येतं, आई. मध्ये कुणी उभंच नसतं. चांगला जोडला तरी नसतं, उलटा जोडला तरी नसतं. मला कळणार कसं?"

"आणि आप्पांकडे?"

"तिथे मी तारा उलटवून जोडल्या. काही फरक नाही. तेच. पण म्हातारी एकदम सरळ बसली. हात पुढे केला, असा, समोर कुणी असल्यासारखा. म्हणाली, 'उनी, बाई घरमा उनी.' आली म्हणे ती. मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं जमलं म्हणून." तो हसला, वाईट हसला. "आंधळ्या बाईचं तोंड बघून."

सुसानाने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही.

"नंदुरबारला कानाचा डॉक्टर आहे. सोमवारी रजा टाकते, जाऊ आपण."

"आणि नवापुरात कळलं तर? स्पीकरवाला बहिरा! कोण आणेल माझ्याकडे? आप्पासुद्धा नाही आणणार."

"उजवा आहे अजून."

"आहे ना. म्हणून तर काम चालतंय. सेल लावीन, हाताने बघीन. कुणाला कळणार नाही."

"त्या ट्रकवर बसलास तर उजवाही जाईल."

"कापूस घालीन." मग आवाज चढला आणि मराठी आली. "नाही गेलो तर जगदीश विचारेल का नाही आलास! काय सांगू त्याला? आणि तू कुणाला एक शब्द सांगितलास ना, तर मी सुरतेला जाईन. तिथे मला कुणी ओळखत नाही. परत येणार नाही, सांगून ठेवतो!"

तो पुन्हा स्पीकरवर वाकला. पट्टी फटीत जाईना.

ती आत आली. चुलीपाशी बसली, उठली, पुन्हा बसली. सुरतेचं तो नुसतं बोलत नव्हता. एकदा गेला तेव्हा नाताळलाही आला नव्हता. ती रिकामी वर्षं ती विसरली नव्हती. गप्प बसलं तर मुलगा घरात राहील, रोज दिसेल, आणि उन्हाळा संपेपर्यंत तिची हाक त्याच्यापर्यंत पोचायची बंद होईल. बोललं तर कदाचित उजवा कान राहील, आणि मुलगा निघून जाईल.

जगदीशला सांगता येईल, ताप आलाय म्हणून. तिने मनात वाक्य जुळवूनही पाहिलं. तो म्हणेल, ठीक आहे काकू, दोन दिवसांनी नेतो. आणि दोन दिवसांनी ट्रक अंगणात उभा राहील. आप्पांना सांगितलेल्या सर्दीने काय झालं? काहीच झालं नाही. एक खोटं, मग त्याला धरून दुसरं. खरं सांगायचं तर जगदीशला ते पुटपुटून सांगता येणार नव्हतं. त्याला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायला हवं, शब्दन् शब्द, दोनदा. शेजारच्या घरात जाईल. उद्या धानोऱ्यात जाईल. आणि पडवीत पाठमोऱ्या बसलेल्या योहानला मात्र ऐकू जाणार नाही. त्याच्या आयुष्याचं ती इथे बसून मोठमोठ्याने सांगेल आणि ज्याचं आहे त्यालाच ते कळणार नाही. तसं करायचं नाही, एवढं तिला स्पष्ट झालं. बाकी काही स्पष्ट नव्हतं.

फोन खुंटीजवळच्या फळीवर होता. तिने तो घेतला, पदराने तोंड पुसलं आणि पडवीत गेली. स्टूल ओढून योहानच्या समोर ठेवलं. तिथे सावली होती, म्हणून ते उचलून जरा पुढे, उन्हात ठेवलं, तोंडावर उजेड येईल असं. मग बसली. त्याने वर पाहिलं.

"मी जगदीशला फोन करतेय," ती म्हणाली. शाळेत नवीन पोरांना शिकवताना बोलते तसं, एकेक शब्द ओठांवर पूर्ण करत. "खरं आहे ते सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे नाही. इथे, तुझ्यासमोर. मी काय बोलते ते बघ."

योहानचा हात फोनकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. बोटांत एक्स-रेची पट्टी होती, उन्हात तिच्यातून कुणाच्या तरी हाडाची फिकट रेघ दिसत होती. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

तिने नंबर लावला.